काळदेठीचं रोप

अनसूया वाजगेच्या रोपवाटिकेत टोमॅटोच्या अकरा जाती होत्या, पण तिचं नाव दूरदूर गेलं ते एकाच जातीमुळे. काळदेठी. सासूच्या माहेराहून आलेलं हे गावठी वाण. फळ चपटं, घड्या पडलेलं, आंबटढाण, देठाभोवती काळपट कडं. नारायणगावच्या बाजारात असल्या फळाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. अनसूया ते लावायची घरच्या सारासाठी, आणि 'बी मोडू देऊ नकोस' असं सासू मरताना म्हणाली होती म्हणून.

एका वर्षी तिनं काळदेठीचे दोन ट्रे नवरा झोपायचा त्या खोलीच्या खिडकीत ठेवले. आठवड्यात रोपं बिघडली. एरवी कोवळं रोप दोन्ही पानं हात पसरल्यासारखी वर धरतं. या रोपांची पानं देठापासून खाली वळली, मिटलेल्या छत्रीसारखी अंगाला चिकटली आणि शेंडा आकड्यासारखा जमिनीकडे गेला. अनसूयानं माती बदलली, पाणी बदललं, फवारणी केली. शेवटी नवीन ट्रे गोठ्यात नेऊन ठेवले, तर तिथली रोपं सरळसोट. खिडकीतली मात्र पुन्हा वाकली. तिचा नवरा शिवराम तेव्हा चव्वेचाळीसचा होता, खताची पोती एकटा उचलायचा. तीन वर्षांनी त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. त्यानंतर पाच वर्षांनी तो गेला, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तो अनसूयाला 'अहो बाई' म्हणून हाक मारायचा.

गावठी बियाणं गोळा करत फिरणाऱ्या डॉ. नलिनी सबनीस यांना अनसूयानं ही हकिकत सांगितली, आणि त्यांनी ती हसण्यावारी न नेता तपासून तिचं कारण शोधलं. टोमॅटोचं झाड वासाला फार हळवं असतं. शेजारच्या झाडाला कीड लागली, तर तिथून सुटणाऱ्या वासानं ते सावध होतं. माणसाच्या मेंदूतलं एक प्रथिन चुकीच्या घडीनं दुमडायला लागलं, की आजार दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्याच्या कातडीच्या तेलात दोन-तीन द्रव्यं बदलतात. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. काळदेठीच्या कोवळ्या रोपाला लागतो. त्या वासानं ते बिथरतं आणि स्वतःच्या अंगात इथिलीन वायू तयार करू लागतं. त्या वायूमुळे पानाच्या देठाची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि पान खाली वाकतं. संकरित जातींमधून हा हळवेपणा केव्हाच नाहीसा झाला होता. तो उरला होता अनसूयाच्या सारातल्या टोमॅटोत.

पुढच्या काही वर्षांत जागोजागी रोपकेंद्रं निघाली. तालुक्याचं केंद्र अनसूयाच्याच रोपवाटिकेत आलं आणि तिला रोपवाचक म्हणून सहीशिक्का मिळाला. बारा रोपांची एक पेटी सात दिवस उशाशी ठेवायची, आठव्या दिवशी केंद्रात आणून द्यायची. वाचकानं सही केली की निकाल देशाच्या नोंदवहीत चढायचा. बी मोजकंच होतं, म्हणून फेरतपासणी एक वर्षानंतरच. आजारावर औषध नव्हतं. तरी लोक रोप लावायचे, कारण लोकांना दुसऱ्याचं रोप बघायचं होतं. सोयरीक ठरवताना पत्रिकेच्या आधी 'रोप लावलंय का?' हा प्रश्न यायचा. सरळ रोपाची माणसं आणि वाकड्या रोपाची माणसं अशा दोन जातीच पडल्या.

अनसूयानं आपल्या एकुलत्या एका मुलीचं, केतकीचं, रोप कधी लावलं नव्हतं. बापाचा आजार मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे तिला ठाऊक होतं. पण केतकीला नाशिकचं स्थळ आलं आणि त्या लोकांनी स्वच्छ सांगितलं, 'मुलगी पसंत आहे. वडिलांचं ऐकलंय. तेवढं रोप सरळ आलं, की साखरपुडा करू.'

त्याच आठवड्यात रेवतीचीही पेटी लागली. रेवती ही चांगुणाची मुलगी. चांगुणा चोवीस वर्षं अनसूयाच्या बरोबरीनं ट्रे भरत आली होती, ती विधवा झाली तेव्हा रेवती दीड वर्षाची होती. केतकी आणि रेवती एकाच पाळण्यात झोपून मोठ्या झाल्या होत्या. रेवती आता बालवाडीत शिकवायची आणि आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या तन्मयशी तिचं जमलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी चांगुणा वाचनखोलीच्या दारात घुटमळत उभी होती.

"ताई, मी न्हाई बाई आत येत. मला भ्या वाटतंय."

"तुझ्या घरात कुणाला होतं का कधी?"

"न्हाई. पर पोरीचं म्हटलं की जीव थाऱ्यावर राहत न्हाई."

"बस बाहेर. बोलावते."

अनसूयानं दार लावलं आणि केतकीची पेटी उघडली. बाराच्या बारा रोपं खाली वळलेली. तिनं एकेक पान बोटानं उचलून पाहिलं; सोडलं की ते पुन्हा खाली जायचं. मग तिनं रेवतीची पेटी उघडली. तिथं बारा रोपं दोन्ही हात पसरून उभी होती.

ती स्टुलावर बसली. बाहेर चांगुणा कुणाशी तरी बोलत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. अनसूयाला त्या वेळी नवऱ्याची आठवण झाली नाही, केतकीचा चेहराही डोळ्यांपुढे आला नाही. तिच्या मनात एकच हिशेबी वाक्य आलं: रेवतीवर तन्मयचा जीव आहे, तो तिला तशीही करून घेईल. केतकीला हे लोक करून घेणार नाहीत.

ट्रे पेटीतून उचलायला दोन बोटं पुरतात. तिनं दोन्ही ट्रे आपापसांत बदलले, फोटो काढले, सह्या केल्या, शिक्के मारले आणि निकाल पाठवून दिले. मग दार उघडलं.

"केतकीचं सरळ आहे," ती म्हणाली.

चांगुणानं तिचे दोन्ही हात धरले. "बरं झालं गं माय! दादांच्या पोटची म्हणून मला लई घोर होता. आठ दिस मी आधी तिच्यासाठी हात जोडले, मग माझ्या पोरीसाठी." ती रडता रडता हसत होती. "आन आमच्या रेवाचं?"

केतकीचं लग्न वैशाखात झालं. रेवतीनं तिच्या हातावर मेंदी काढली. तोवर तन्मयच्या घरच्यांनी नारळ परत पाठवून लग्न मोडलं होतं. त्यानं घरी भांडण मांडलं, पण घरचे बधेनात. जूनमध्ये बालवाडी उघडली तेव्हा पालकांनी एकत्र येऊन अर्ज दिला, की या बाईंच्या हातात मुलं देणं आम्हाला सुरक्षित वाटत नाही. त्या हाताला कंप सुटायचा असता, तरी त्याला अजून पंधरा-वीस वर्षं होती. बाईंचा हिशेब त्याच आठवड्यात करून टाकला.

चांगुणानं स्वतःचं रोप लावलं. ते सरळ आलं. म्हणजे दोष नवऱ्याकडून आला, असं तिनं धरलं. विहिरीचं काम करताना दरड कोसळून मेलेला तिचा नवरा. बावीस वर्षं ती त्याच्या फोटोला रोज फूल वाहत होती. तो फोटो तिनं उतरवला आणि कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवला.

"मेला तो सुटला," ती अनसूयाला म्हणाली, "आन माझ्या पोरीच्या रक्तात घाण ठेवून गेला."

अनसूया ट्रेमध्ये कोकोपीटचा भुसा भरत राहिली.

डिसेंबरात औषध आलं. कुणाला इतक्या लवकर अपेक्षा नव्हती. पोटाच्या कातडीत महिन्याला एक, अशी अठरा इंजेक्शनं. चुकीची घडी पडलेलं प्रथिन ते साफ करायचं, पण तिशीच्या आत सुरू केलं तरच. औषध तुटपुंजं होतं, म्हणून ते नोंदवहीतल्या वाकड्या रोपांनाच, आणि रोपकेंद्रातूनच, रोपवाचकाच्या हातून. अनसूयाच्या केंद्रात पहिल्या यादीत चार नावं आली. त्यातलं एक रेवतीचं होतं.

अनसूया दुसऱ्याच दिवशी नाशिकला गेली. दुपारची वेळ, केतकीची सासू भिशीला गेलेली. केतकी कणीक मळत होती.

"तुझं रोप वाकडं होतं," अनसूया म्हणाली.

केतकीचे हात परातीतच थांबले. तिनं विचारलं, "मग सरळ कुणाचं होतं?"

"रेवाचं."

आता ही ओरडेल, परात फेकेल, आपल्याला घराबाहेर काढेल, असं अनसूयाला वाटलं. तसं व्हावं असंही तिला वाटत होतं. केतकीनं नळाखाली हात धुतले.

"कुणाला माहितीये?"

"कुणालाच नाही."

"मग सांगू नकोस."

"अगं, औषध मिळायचं तर नोंद वाकडी लागते. मी सगळं कबूल करते. शिक्का जाईल, आत टाकतील, टाकू देत. तुझं रोप पुन्हा लावू."

"आणि मी? हे लोक मला एक दिवस तरी ठेवतील घरात?" केतकीनं पदराला हात पुसले. ती आता घाईनं बोलत होती. "रेवाच्या नावावर औषध येणार ना? तुझ्याच केंद्रात? टोचणार कोण?"

"मीच."

"झालं तर. तिला त्याची गरज नाहीये आई. निरोगी अंगात असलं जालीम औषध कशाला घालायचं? तिला सलाइनचं पाणी टोच, आणि तिचं मला दे. यात उलट तिचं भलंच आहे."

अनसूया मुलीकडे बघत राहिली. इतक्या भराभर हे हिला सुचलं कसं, हेच तिला कळेना. पण परतीच्या एसटीत तिला कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोप लागली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रेवती यायची, पदर बाजूला करून खुर्चीत बसायची आणि डोळे घट्ट मिटायची. अनसूया तिला पाणी टोचायची. दोन दिवसांनी केतकी माहेरपणाला म्हणून यायची. तिला इंजेक्शन झालं की दोन दिवस ताप, तोंडात लोखंडाची चव, आणि उशीवर केसांचे पुंजके. सासरी तिनं अर्धशिशी सांगून ठेवली होती.

"मावशी, मला काहीच होत नाही," रेवती एकदा म्हणाली. "बाकीच्या तिघांना ताप येतो म्हणे. माझ्या अंगी लागत नसेल का औषध?"

"तुझी प्रकृती मुळातच चांगली आहे."

सहा महिन्यांनी औषधाचा गुण बघायला रोप लावायचं होतं. ते सरळ आलं, की पेशंटला बरा झाला असं धरायचे, आणि त्याचं राहिलेलं औषध रांगेतल्या पुढच्या माणसाला. रेवतीचं रोप सरळ येणार हे सांगायला रोपवाचक नको होता. आणि केतकीची अजून बारा इंजेक्शनं बाकी होती.

रोपकेंद्राच्या आवारात पिकलेलं फळ आणायला मनाई होती, कारण पिकत्या फळातून तोच इथिलीन वायू सुटतो. रेवतीची पेटी आली त्या संध्याकाळी अनसूयानं पेटीत दोन पिकली केळी ठेवली आणि झाकण लावलं. सकाळी रोपं खाली वळलेली होती.

रेवती त्या दिवशी एकटी आली नव्हती, तन्मय बरोबर होता. त्यानं घरच्यांकडून एक वर्षाची मुदत मागून घेतली होती. रोप सरळ आलं, तर लग्न. तो बाहेर बाकावर न बसता दारातच उभा होता.

"वाकडंच आहे अजून," अनसूया म्हणाली.

"सहा महिन्यांनी परत आहे ना?" तन्मयनं विचारलं आणि रेवतीच्या पाठीवर हात ठेवला. "थांबू की."

सहा महिन्यांनी अनसूयानं पुन्हा केळी ठेवली. या खेपेला तन्मय आत आला नाही, मोटारसायकल चालू ठेवून फाटकापाशी थांबला. रेवती बाहेर गेली, दोघं काही तरी बोलले, आणि तो एकटाच निघून गेला. माघात त्याचं लग्न मंचरच्या मुलीशी झालं.

अठरावं इंजेक्शन झाल्यावर केतकीनं माहेरच्या खोलीत सात दिवस पेटी उशाशी घेतली. आठव्या दिवशी मायलेकींनी मिळून झाकण उघडलं. बारा रोपं, चोवीस पानं, सगळी वर. केतकी आईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता तिचंही सरळ येऊ दे."

आणि तसं ते आलं. डॉ. सबनीस पुण्याहून आल्या. रेवतीचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. अठरा इंजेक्शनं, एकही दुष्परिणाम नाही, पूर्ण बरी झालेली तरुणी, म्हणून तिची फाइल ठिकठिकाणी उदाहरणादाखल गेली. तिच्या आधारावर इतरांचे डोस वाढवायचं ठरलं. चांगुणानं अनसूयाच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेचना.

"ताई, तुम्ही माझ्या पोरीला दुसरा जल्म दिला."

"ऊठ चांगुणा," अनसूया म्हणाली.

रेवतीला बालवाडीनं परत बोलावलं, पण ती गेली नाही. ती अनसूयाकडे आली.

"मावशी, मला रोपं वाचायला शिकवा. इथं येणाऱ्या माणसाला काय होतं, ते मला कळतं. मी जीव लावून करीन."

नाही म्हणायला अनसूयाला कारण सापडलं नाही. रेवती चटकन शिकली. तिची नजर अनसूयापेक्षा तीक्ष्ण होती. महिन्याभरात तिनं जुने फोटो काढून वहीत नोंदी करायला सुरुवात केली आणि एके दुपारी स्वतःची फाइल घेऊन आली.

"मावशी, हे बघा. वाकड्या रोपांच्या खोडावर खाली बारीक गाठी असतात, मुळं फुटायच्या बेतात असल्यासारख्या. सगळ्यांच्या फोटोत आहेत. माझ्या पहिल्या ट्रेतही आहेत. पण नंतरच्या दोन्ही ट्रेत नाहीत. पानं वाकली, पण खोड गुळगुळीत. असं का?"

गाठी यायला पाच-सहा दिवस लागतात. केळ्यानं एका रात्रीत पान वाकतं, गाठ येत नाही. अनसूयाला हे चांगलं ठाऊक होतं. तिनं फोटो हातात घेतला, चष्मा लावला, काढला. रेवती तिच्याकडे बघत होती. त्या नजरेत संशय नव्हता, एवढंच तिला दिसलं.

"काही काही रोपांना येत नाहीत गाठी," अनसूया म्हणाली. "औषध चालू असलं की तर नाहीतच. गाठीवर जायचं नाही. पान बघायचं."

रेवतीनं ते शब्दन् शब्द वहीत उतरवलं आणि खाली रेघ मारली.

मेमध्ये ओतूरहून एक पेटी आली. मयूरी नावाची एकवीस वर्षांची मुलगी. नोकरीसाठी रोप हवं होतं, ती आणि तिचे वडील बाहेर बाकावर बसले होते. अनसूयानं झाकण उघडलं आणि तिला आंब्याचा वास आला. पेटीच्या कोकोपीटमध्येसुद्धा तो मुरला होता. या मुलीच्या खोलीत, बहुधा पलंगाखालीच, पिकायला घातलेल्या आंब्यांची आढी लावलेली असणार. बाराच्या बारा रोपांची पानं खाली होती आणि खोडं गुळगुळीत.

रेवती शेजारी येऊन वाकली. भिंग लावून तिनं एकेक रोप पाहिलं.

"वाकडं," ती हळूच म्हणाली. "गाठी नाहीत, मी आधी गोंधळलेच. पण काहींना येत नाहीत ना. माझ्याही नव्हत्या." तिनं अर्ज भरून अनसूयापुढे सरकवला. "मावशी, निदान आता औषध तरी आहे. हिला वाढीव डोस लागतील. पहिल्या यादीतच नाव जाईल."

ही पेटी रद्द करून दुसरी द्यायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य ऐकलं, की रेवती आपल्या फाइलकडे वळली असती. अनसूयाला नाशिकचं घर दिसलं, केतकीच्या मांडीवरची महिन्याभराची नात दिसली. वाढीव डोसानं जुन्नरचा एक मुलगा गेल्या महिन्यात आंधळा झाला होता, तेही तिला आठवलं.

तिनं सही केली. शिक्का मारला. रेवतीनं निकाल पाठवून दिला.

"तुम्ही बसा," रेवती म्हणाली, "मी सांगते त्या मुलीला. एकदम नाही सांगायचं, आधी जवळ बसायचं."

तिनं जाताना दार अर्धवट लोटून घेतलं. बाहेर बाक सरकल्याचा आवाज आला. अनसूयानं ओतूरची पेटी बाजूला केली, हात धुतले आणि पुढच्या पेटीवरचा नंबर वाचला.